पिल्लू आमच्या दारात ठेवण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर रस्त्यालगत भाड्याने घेतलेल्या एका मळ्यात मी गेली नऊ वर्षे जखमी व बेवारस कुत्र्यांसाठी निवारा चालवीत आहे. जागा तिसांची आहे, आज तेथे बेचाळीस कुत्री आहेत. पैशांसाठी हे पत्र लिहीत नाही, कारण तांदळाचे आणि औषधांचे पैसे बेळगावातील साधी माणसे, कोणी पेन्शनमधून तर कोणी भिशीतून, आजवर देत आली आहेत. मला लिहायचे आहे ते रात्री आमच्या गेटबाहेर ठेवल्या जाणाऱ्या पिल्लांबद्दल.

गेल्या आषाढात, पाऊस कोसळत असताना, पहाटे गेट उघडले तर बाहेर तांदळाचे एक पोते होते आणि त्यात दीड महिन्याची पाच पिल्ले होती. ठेवणाऱ्याने पोत्याखाली फळी सरकवली होती, वरून प्लॅस्टिकचा कागद घातला होता. तो दुष्ट माणूस नव्हता. येथे ती जगतील असेच त्याला वाटले असणार. मी चार पिल्ले आत घेतली आणि बाराव्या दिवसापर्यंत ती चारही गेली.

याचे कारण लोकांना ठाऊक नसते, म्हणून ते सविस्तर सांगते. ‘पार्वो’ या रोगाचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीवर पडतो आणि मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभरही, तग धरतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही. फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुता येते, पण मळ्याची माती कशी धुणार? लस टोचलेल्या मोठ्या कुत्र्यांना त्याचा सहसा त्रास होत नाही. लस न टोचलेले पिल्लू मात्र आत आले की बहुधा आठवडाभरातच उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि मग सलाईन लावून रात्रभर उशाशी बसण्यापलीकडे फारसे काही हातात उरत नाही. जेथे रोगी जनावरे येतात तीच जागा पिल्लासाठी सर्वांत धोक्याची असते, आणि लोक नेमके तेथेच त्याला विश्वासाने सोडून जातात.

चौथे पिल्लू माझ्या मांडीवर गेले तेव्हा मला रडू आले नाही. त्याला पुरून मी हात धुतले आणि इतरांचा भात शिजत ठेवला. नऊ वर्षांत मी अनेक मरणे पाहिली आहेत, पण स्वतःची भीती वाटली ती त्या सकाळी. दुसऱ्याचे दुःख सतत अंगावर घेणाऱ्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना असे बधिरपण येते, त्याला जाणकार ‘करुणेचा थकवा’ म्हणतात, हे मला नंतर कळले. नाव कळल्याने तो कमी झाला नाही.

याहून जड असते ते निर्णय घेणे. महामार्गावर ट्रकखाली सापडून कंबर मोडलेला कुत्रा टेबलावर असतो, डॉक्टर माझ्याकडे पाहतात आणि इंजेक्शनला ‘हो’ मला म्हणावे लागते. ज्यांनी फोन करून मला बोलावलेले असते ते त्या वेळी तेथे नसतात. दुसऱ्या दिवशी ते आपुलकीने चौकशी करतात आणि खरे सांगितले की विचारतात, “म्हणजे ताई, तुम्ही मारलात त्याला?” त्यावर द्यायला माझ्यापाशी उत्तर नसते. जखमी जनावर पाहून ज्याचा जीव कळवळला, त्याने निदान दवाखान्यापर्यंत सोबत यावे, इतकीच माझी अपेक्षा आहे.

आता विनंती. यापुढे लस पूर्ण न झालेले पिल्लू मी निवाऱ्यात घेणार नाही. हे लिहिताना मला किती यातना होत आहेत, ते माझे मलाच ठाऊक आहे. गल्लीत कुत्री व्यालेली आढळली तर पिल्ले किमान दोन महिने आईपासून तोडू नका. आई मेलेली असेल तर पिल्ले आपल्या पडवीत, गच्चीवर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवा. सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करता येते आणि चार महिन्यांचे होईपर्यंत पुढचे डोस द्यावे लागतात. लस टोचण्यासाठी डॉक्टरांना घेऊन मी तुमच्या दारी येईन, पुढे घरही शोधून देईन. पिल्ले सुटी झाल्यावर आईची नसबंदीही आपण मिळून करून घेऊ. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेल्या भटक्या कुत्रीला तिच्याच गल्लीत परत सोडायचे असते, म्हणून तिला कायमची घेऊन जा, असा आग्रह कृपया धरू नका.

पोत्यातले पाचवे पिल्लू आत आलेच नाही. रोज दूध घालायला येणारे मामा त्या पहाटे गेटवरच थांबले, पोत्यात हात घालून त्यांनी एक तांबडे पिल्लू उचलले आणि म्हणाले, “ह्यातलं एक मी नेतो की, ताई.” ते येळ्ळूरला त्यांच्या गोठ्यात वाढले, त्याच्या सर्व लसी झाल्या आणि आता ते त्यांच्या मोटारसायकलीमागे गावाच्या वेशीपर्यंत धावत येते.

आपली विश्वासू,
एक वाचक, पिरनवाडी, ता. बेळगाव