वर्गात मुलांना बोलू द्या

महोदय,

मी बेळगावात बी.एड. करते आहे आणि सरावासाठी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पाठ घेते. शिक्षणाचा दर्जा म्हटला की आपल्याकडे लगेच दहावीचा निकाल दाखवतात. मला ते अपुरं वाटतं.

सातवीला नद्या शिकवताना मी विचारलं, मलप्रभा आणि म्हादई दोन्ही आपल्याच तालुक्यात उगम पावतात. मग एक पूर्वेला कृष्णेकडे आणि दुसरी पश्चिमेला गोव्याकडे का वळते? आधी सगळे गप्प. मग कणकुंबीकडची मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्याकडं डोंगराच्या अलीकडचं पाणी वेगळं, पलीकडचं वेगळं जातंय." दुसऱ्यानं ते खोडलं, तिसऱ्यानं फळ्यावर डोंगर काढला. 'जलविभाजक' हा शब्द मी शेवटी सांगितला, तेव्हा तो त्यांना समजलेला होता. तास मात्र संपला आणि 'पोर्शन मागे पडला' असं मला ऐकवलं गेलं.

मुलानं निर्भयपणे मत मांडावं, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्येच आहे. पण एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळत असेल, तर चर्चा घेणार कधी? (आणि ही मुलं मनातलं मोकळेपणानं बोलतात ती मराठीतच.) सीमाभागातल्या मराठी शाळांत रिक्त जागा आधी भराव्यात. अंतर्गत गुण देताना मुलानं विचारलेल्या प्रश्नांचीही नोंद व्हावी. पाठ तपासणाऱ्यांनी मुलं किती बोलली, हेही पाहावं.

– एक भावी शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)