बेचाळीस शिखरं, चोवीस तास आणि सोबतीला कोण कोण

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पळणार तू एकटी, मग बारा-तेरा माणसं कशाला, असं बाबांनी विचारलं. रात्री डोंगरात काही झालं तर, असं आईने. दोघांना उत्तर एकच आहे, आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही.

बॉब ग्रॅहम राउंड ही शर्यत नाही. नंबर नाही, बक्षीस नाही, वाटेवर बाणसुद्धा नाहीत. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसविक गावात मूट हॉलच्या दारातून निघायचं, ४२ शिखरं करून चोवीस तासांच्या आत त्याच दाराशी यायचं. अंतर साधारण १०६ किलोमीटर, एकूण चढ ८,२०० मीटर. बाबा, आतकरवाडीतून सिंहगड एका दिवसात तेरा-चौदा वेळा चढा-उतरा, म्हणजे अंदाज येईल. केसविकमध्ये गेस्टहाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने १९३२ च्या जूनमध्ये हे २३ तास ३९ मिनिटांत केलं. पायात टेनिसचे बूट होते! पुढची २८ वर्षं कुणालाच ते जमलं नाही. त्याच्याही सोबत मित्र होतेच.

सोबत ही नुसती हौस नाही. ही फेरी चोवीस तासांत पुरी करणाऱ्यांचा एक क्लब आहे, त्याच्या यादीत नाव यायचं तर प्रत्येक शिखरावर साक्षीला कुणीतरी हवं आणि तिथली वेळ नोंदलेली हवी. वाटेत चार ठिकाणी गाडीरस्ता लागतो: थ्रेलकेल्ड, डनमेल रेझ, वॉसडेल हेड, होनिस्टर. तिथे सोबती बदलतात. प्रत्येक टप्प्याला निदान तिघं असावीत. एक नकाशा आणि होकायंत्र बघणारा, दुसरा पाणी, खाणं आणि जादा कपडे वाहणारा, तिसरा घड्याळ बघून दर अर्ध्या तासाला घास भरवणारा. ही कामं एकावरच टाकली की धुक्यात वाट शोधताना खाणं राहतं, आणि त्याची किंमत चार तासांनी कळते.

संध्याकाळी सातला निघायचं ठरतंय. जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे खरा अंधार बहुतेक दुसऱ्या टप्प्यातच, गवताळ रुंद माथ्यांवर येतो. तिथे पडण्याची भीती कमी, पण धुकं असेल तर सगळे माथे सारखेच दिसतात.

तिसरा टप्पा सगळ्यात लांब, १५ शिखरांचा. स्काफेल पाइककडे जाताना नुसते धोंडे, ओले असले की घोटा मुरगळतो. पुढे शेजारच्या स्काफेल शिखरावर जायला ब्रॉड स्टँड नावाचा छोटा कडा आहे. दोघं सोबती आधीच तिथे जाऊन दोर लावून बसतात. कातळ ओला असेल तर फॉक्सेस टार्न या तळ्याच्या बाजूने वळसा घालायचा. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात, गेली तर जाऊ देत. तेवढ्यासाठी ओल्या कातळावर जाणं मला पटत नाही.

सगळ्यात जास्त लोक हात टेकतात ते वॉसडेलला. खुर्ची, गरम चहा, उबदार गाडी समोर असते, आणि पुढे येवबॅरोची साडेपाचशे मीटरची सरळ चढण. जास्त वेळ बसलं की पाय आखडतात, म्हणून पंधरा मिनिटांत मोजे बदलून उठवायचं, हे तिथे गाडी घेऊन थांबणाऱ्यांना आधीच बजावून ठेवावं लागतं. गाड्यांचंही कोडं आहे: तिसऱ्या टप्प्याचे सोबती वॉसडेलला उतरतात, त्यांच्या गाड्या मात्र डनमेललाच, आणि रस्त्याने मोठा फेरा पडतो. हे आदल्या आठवड्यात कागदावर सोडवायचं.

आई, लाडू पाठवू नकोस. तुपाचं पोटात जड होतं, आणि तोंड कोरडं पडलं की बेसन टाळूला चिकटतं. तासाला दोन-अडीचशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, त्याही न मळमळता. नुसतं गोड खाल्लं तर सात-आठ तासांत शिसारी येते, म्हणून मीठ लावलेले उकडलेले बटाटे, भाताची खीर, केळी, सूप. चिक्की मात्र चालेल, पातळ लाटलेली.

जोराचा वारा आणि पाऊस एकत्र असेल तर निघायचं नाही. दमलेला माणूस हळू चालतो आणि हळू चालणारा गारठतो. सगळ्यांनी रजा काढलेली असते, त्यामुळे रद्द करायला जीभ रेटत नाही. म्हणून पुढच्या पंधरवड्यातली दुसरी तारीख आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवली आहे.

फोनवर एक लिंक पाठवेन, त्यात नकाशावर ठिपका सरकताना दिसेल. मी निघेन तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतील, तुम्ही झोपा. आपल्या घड्याळाने सकाळी आठच्या सुमारास ठिपका डनमेलला, दुपारी अडीचला वॉसडेलला, संध्याकाळी साडेसातला होनिस्टरला दिसायला हवा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होईलच. कड्यांच्या आड सिग्नल जातो आणि ठिपका एका जागी थांबतो, तेव्हा लगेच फोन करू नका. दोन तास हललाच नाही तर गाडीवाल्या मैत्रिणीला करा. तिचा नंबर ताईकडे दिला आहे.

तुमची,
मनू