गच्चीवरची थोटके, खर्र्याच्या पन्न्या आणि आपली विहीर

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नागपूर

विषय : मृग लागण्यापूर्वी गच्चीवरील तंबाखूचा कचरा विहीर-पुनर्भरणाच्या पाइपात जाण्यापासून रोखण्याबाबत

महोदय,

गेल्या रविवारी टाकीचा व्हॉल्व्ह पाहण्यासाठी मी गच्चीवर गेलो, तेव्हा पावसाचे पाणी जेथून खाली उतरते त्या तोंडाशी सिगारेटची थोटके साचलेली दिसली. मोजली तर त्रेसष्ट भरली, खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, पन्न्या वेगळ्याच. तोंडावरची जाळी तुटलेली आहे, आणि तो पाइप सरळ पुनर्भरणाच्या खड्ड्यातून आपल्या विहिरीत जातो. मागील वार्षिक सभेत मी हा विषय काढला, तेव्हा ‘पहिल्या पावसात सगळे धुऊन जाते’ असे उत्तर मिळाले होते. धुऊन जाते हे खरेच आहे, पण ते जाते आपल्याच विहिरीत, आणि त्या विहिरीचे पाणी आपण झाडांना, संडासाला आणि उन्हाळाभर कूलरला वापरतो.

हा प्रश्न केवळ घाणीचा असता, तर मी समितीला पुन्हा पत्र लिहिले नसते. मी एकतीस वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जिवाणूंचे कल्चर लावण्याचे काम केले. बशीवर प्रतिजैविकाच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती अंतरापर्यंत जिवाणू वाढले नाहीत ते पट्टीने मोजायचे, असे ते काम असे. सुरुवातीच्या वर्षांत ज्या औषधांभोवती रुंद स्वच्छ वर्तुळ दिसे, त्यांच्याच चकतीला पुढे जिवाणू चिकटून वाढू लागले. डॉक्टरांनी लिहिलेल्या जादा गोळ्या हे त्याचे मोठे कारण आहेच. मात्र जिवाणूंना प्रतिकार शिकवणारी शाळा दवाखान्यातच भरते असे नाही, आणि तंबाखूचा कचरा हा तिचा एक वर्ग आहे.

तंबाखूचे झाड जमिनीतील कॅडमियम ओढून पानात साठवते. थोटकात कॅडमियमबरोबर शिसे, आर्सेनिक, तांबे आणि उरलेले निकोटीन असते, आणि पाण्यात पडल्यावर ते सुटू लागते. अशा पाण्यात तगायचे तर जिवाणूला विषारी धातू पेशीबाहेर फेकणारी यंत्रणा, म्हणजे एक प्रकारचे पंप, लागतात. यातील काही पंप धातूसोबत प्रतिजैविकही बाहेर टाकतात. काही वेळा धातूचा प्रतिकार आणि औषधाचा प्रतिकार यांची जनुके एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, शेजारी शेजारी असतात. हा शोध नवा नाही. पेनिसिलिन निकामी करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या (जखमा पिकवणाऱ्या एका जिवाणूच्या) प्लाझ्मिडवरच कॅडमियम, शिसे, पारा आणि आर्सेनिक यांचा प्रतिकार असतो, हे नोविक आणि रॉथ या संशोधकांनी 1968 सालीच दाखवले होते. त्यामुळे पाण्यात पेनिसिलिनचा थेंबही नसताना केवळ धातूंच्या दडपणाखाली पेनिसिलिनला न जुमानणारे जिवाणू टिकतात आणि इतर मागे पडतात.

धुराची गोष्टही याच जातीची आहे. 2019 साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह एमआरएसए, म्हणजे अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस, जिवाणूंच्या काही जाती सिगारेटच्या धुरात ठेवल्या. धुराने डीएनएला इजा झाली की जिवाणू ते घाईघाईने दुरुस्त करतात, आणि त्या घाईत चुका, म्हणजे उत्परिवर्तने, वाढतात. त्यांतून रिफाम्पिसिनला दाद न देणारे जिवाणू निपजले. क्षयरोगाच्या उपचाराची ज्या औषधावर भिस्त आहे, तेच हे रिफाम्पिसिन.

विहिरीआधी वाळू-गिट्टीचा थर आहे, असे आपण म्हणाल. तो थोटूक अडवील, पण थोटकातून सुटलेले निकोटीन आणि धातू अडवील याची हमी देता येत नाही. उलट सिगारेटचा फिल्टर ज्या सेल्युलोज अॅसिटेटचा असतो ते प्लास्टिक असल्याने गिट्टीत वर्षानुवर्षे पडून राहते, आणि त्याच्या धाग्यांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. अशा दाटीत जनुकांची देवाणघेवाण सोपी जाते. 2011 साली अमेरिकेतील सॅन डिएगोच्या प्रयोगात एका लिटर पाण्यात भिजवलेल्या एका थोटकाने चार दिवसांत निम्मे मासे मेले होते, यावरून त्या पाण्याचा अंदाज यावा. खर्र्याची पन्नी कुजत नाही हे आपण जाणतोच, पण तीत उरलेल्या तंबाखूत मुळातच जिवाणू असतात, आणि त्यांतील काही बीजाणूरूपाने, म्हणजे टणक कवचातल्या सुप्त अवस्थेत, वाळवणीतही तग धरतात, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

आपल्या त्रेसष्ट थोटकांतून उद्या एखादा असाध्य रोग उभा राहील, असा माझा दावा नाही. तथापि जे पाणी कूलरच्या टाकीत चार-चार दिवस उभे राहते आणि पंख्याने खोलीभर उडते, त्यात आपण स्वतःहून ही भर का घालावी? खड्डा भरून वाहिलेले पाणी नाल्यातून नाग नदीला, तेथून कन्हानला आणि वैनगंगेला मिळते, तेव्हा हा प्रश्न आपल्या कुंपणापाशी संपतही नाही.

उन्हाळ्यात रात्री गच्चीवर बसण्यास माझा आक्षेप नाही, आणि ओढणाऱ्यांची नावे देण्याची माझी इच्छा नाही. माझी विनंती एवढीच आहे की तुटलेली जाळी बदलावी, जिन्याच्या दाराशी वाळू भरलेला झाकणाचा लोखंडी डबा ठेवावा, आणि पुनर्भरणाच्या पाइपाला वळण-व्हॉल्व्ह बसवून पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी विहिरीत न सोडता बाहेर काढावे. खड्ड्यातील वरची गिट्टीही यंदा काढून धुवावी लागेल, कारण मागील वर्षांची थोटके त्यातच आहेत. या खर्चासाठी देखभाल निधीतून तरतूद व्हावी, आणि प्लंबरला मृगापूर्वीची तारीख द्यावी.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी हातमोजे आणि चिमटा घेऊन गच्ची साफ करणार आहे. कृपया गच्चीची चावी शनिवारी रात्रीच चौकीदाराकडे ठेवण्यास सांगावे.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ब-304