'क्लास की सेल्फ स्टडी?' हे क्लासवाल्यालाच विचारलेत!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या शिक्षण पुरवणीतला 'नीटसाठी क्लास की सेल्फ स्टडी?' हा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेवरचा लेख वाचला. लेखाखाली 'लेखक कोचिंग संस्थेचे संचालक आहेत' अशी ओळ मुंगीच्या अक्षरांत होती, तीही वाचली. उत्तर काय येणार हे तिथेच कळले. सेल्फ स्टडी म्हणे 'अपवादात्मक बुद्धिमत्तेच्या मुलांनाच झेपते'. आणि त्याच अंकाचे पहिले अख्खे पान याच संचालकांच्या जाहिरातीला! योगायोग असेल. मला त्या पानाबद्दलच लिहायचे आहे, कारण त्यावर तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी जी मुलगी आहे ती माझी पुतणी.

ती यांच्या क्लासला नव्हती. तालुक्याच्या साध्या ज्युनिअर कॉलेजात स्टेट बोर्डाला शिकली, अभ्यास घरी केला. शेवटच्या काही महिन्यांत यांची टेस्ट सिरीज, म्हणजे नुसत्या सराव परीक्षा, तेवढी लावली होती. ती लावायलाच हवी होती, कारण तीन तासांत १८० प्रश्न सोडवून ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोळे काळे करायची सवय घरच्या टेबलावर होत नाही. त्याचे पैसे मोजले, वर अठरा टक्के जीएसटी भरला. व्यवहार संपला. मध्ये एकदा फिजिक्सच्या एका गणितावर अडली म्हणून डाऊट काउंटरला गेली, तर तिथल्या मुलाने आयकार्डाचा रंग बघितला आणि म्हणाला, "टेस्ट सिरीजवाल्यांना डाऊट नाही, ताई." ते गणित शेवटी तिच्या कॉलेजातल्या सरांनी प्रॅक्टिकल संपल्यावर थांबून फळ्यावर सोडवून दिले. त्या सरांचा फोटो मला अजून कुठल्या फ्लेक्सवर दिसलेला नाही.

निकालाच्या संध्याकाळी मात्र शाल, श्रीफळ, पेढे आणि फोटोग्राफर घेऊन मंडळी दारात हजर. माझा भाऊ भिडस्त. आलेल्या माणसाला 'कशाला आलात' कसे म्हणणार? चहा पाजला. दोन दिवसांत एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला, 'आमच्या दोन वर्षांच्या मार्गदर्शनाचे फळ'. दोन वर्षे कुठली? पुढे बाजारपेठेत आणखी एका क्लासचा फ्लेक्स, त्यावरही हीच! त्यांच्याकडे तिने दहावीत असताना फुकटची स्कॉलरशिप परीक्षा दिली होती, तेवढ्या भांडवलावर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त इथे नागोबा दोन. भावाने फोन केला तर उत्तर मिळाले, "सर, मुलीचं कौतुकच होतंय ना?"

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स किती काळ केला, तो पैसे भरून केला का, हेही जाहिरातीत सांगायला हवे. आपल्या पानावर यातले काय होते? नाव, मार्क आणि फोटो. 'फक्त टेस्ट सिरीज' हे तीन शब्द छापले असते तर पुतणीच्या फोटोबद्दल मी अवाक्षर काढले नसते. पण मग लेखातल्या 'अपवादात्मक बुद्धिमत्ते'चे काय झाले असते? घरी अभ्यास करणारी मुलगी चालत नाही, तिचा निकाल मात्र चालतो.

मी क्लासच्या विरोधात नाही. ज्या कॉलेजात फिजिक्सला शिक्षकच नाही तिथल्या मुलाने काय करावे? जावेच लागते. पण मी ज्युनिअर कॉलेजला वर्षानुवर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, तेवढ्यापुरते ठामपणे सांगते. ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे, आणि त्याचा पाया एनसीईआरटीची दोन पुस्तके, अकरावीचे आणि बारावीचे. आकृतीखालच्या ओळींसकट ती ओळ न् ओळ वाचायला घर विकून बाहेरगावी हॉस्टेलवर राहावे लागत नाही. मागचे पेपर फुकट मिळतात, आयआयटी कानपूरचे तयारीसाठीचे 'साथी' पोर्टल फुकट आहे. लेखात याचा उल्लेख का नसावा, हे मी काय सांगायचे?

उलट सल्ला काय, तर 'आठवीपासूनच फाउंडेशनला घाला'. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच देऊ नये, असे केंद्राच्या शिक्षण खात्याने कोचिंग संस्थांबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. संचालकांना हे माहीत नसेल असे नाही. आपल्या उपसंपादकांना नसावे.

इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे नाव कॉलेजात आणि दिवसभर क्लासात असलेल्या, मुलांचा एक प्रसंग सांगते. बायोमेट्रिक हजेरीचा सरकारी आदेश २०१८ मध्ये निघाला, तरी ही मुले आम्हाला दिसायची ती थेट प्रॅक्टिकल परीक्षेला. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायची होती. एका मुलाला समविभाजनाच्या सगळ्या अवस्था झोपेतून उठवले तरी सांगता आल्या असत्या, पण कव्हरस्लिप, म्हणजे वर ठेवायची पातळ काच, त्याने अशी आडवी आदळली की खाली हवेचे बुडबुडे, आणि सूक्ष्मदर्शकातून त्या बुडबुड्यालाच तो पेशी समजून आकृती काढत बसला. हुशार होता हो. त्याला कुणी दाखवलेच नव्हते. असे मूल उद्या सुई हातात धरणार.

जाता जाता आणखी एक. आपल्या 'नीट सराव' सदरात मागे 'द्विदल झडप कुठे असते?' या प्रश्नाचे उत्तर 'उजवे अलिंद आणि उजवे निलय यांच्यामध्ये' असे छापले होते. मी तेव्हाच कार्ड टाकले होते. दुरुस्ती नाही, पोचही नाही. एक चुकीचे उत्तर म्हणजे हातचे चार जातात आणि वर एक कापला जातो. २०२४ च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली, तो मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून खरे उत्तर काढावे लागले, आणि सुधारित निकालात पैकीच्या पैकीवाले ६१ चे १७ झाले. तिथे एका पर्यायावरून एवढे झाले, आणि आपल्याकडे हृदयाची बाजू बदलली तरी कुणाला पत्ता नाही. हे सदरही 'सौजन्याने' चालते असे खाली लिहिलेले असते. कुणाच्या, ते आपल्याला ठाऊक आहेच.

पत्र कापायचे असेल तर माझ्या कॉलेजच्या आठवणी कापा, जाहिरातीचा परिच्छेद कापू नका. आणि द्विदल झडप डाव्या बाजूला असते, एवढी दुरुस्ती तरी या मंगळवारी छापा.

आपली जुनी वाचक,
निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, जि. सांगली

(नाव छापू नये. दोन्ही फ्लेक्सवाले घर ओळखतात.)