घरात इंग्रजी बोला, म्हणजे किती बोला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून हिंदी असावी की नसावी, यावरून 2025 च्या उन्हाळ्यात राज्यात रान पेटलं आणि जून संपता संपता सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. माझी तक्रार पहिलीच्या बरीच अलीकडची आहे, अडीच वर्षांच्या पोराची. तिच्यासाठी कुणी मोर्चा काढणार नाही, म्हणून हे पत्र.

आमचा नातू दिवाळीनंतर प्लेग्रुपला जायला लागला. पहिल्याच पालकसभेत मिसनी सांगितलं, 'घरीसुद्धा इंग्लिशच बोला, म्हणजे मूल पटकन पिकअप करतं.' मुलानं आणि सुनेनं ते मनावर घेतलं. दोघंही नोकरी करणारी, ऑफिसातलं इंग्रजी चोख. पण ऑफिसातल्या इंग्रजीत पोराला आंघोळ घालता येत नाही की भरवता येत नाही. चार दिवसांत घरात उरलं ते एवढंच : कम, सिट, डोन्ट टच, से थँक यू, व्हॉट कलर? आणि माझी पत्नी तर गप्पच झाली.

ती आणि नातू दुपारी शेंगा फोडायला बसायचे. फोडायची ती, तोंड मात्र दोघांचं चालायचं. 'ही बघ, हिच्यात तीन दाणे. आणि ही? पोचट निघाली, नुसतंच टरफल. अरे अरे, तो खवट आहे, थुंक, थुंक. कुणी खाल्ला आतला दाणा? किड्यानं खाल्ला. मग आता किडा कुठं गेला?' पाऊण तास हे असं चाले. आता ती शेंग उचलते, सुनेनं शिकवल्याप्रमाणे 'ग्राउंडनट' म्हणते आणि पुढचं काही सुचत नाही म्हणून थांबते. सूनबाईचा यात दोष नाही. तिला शाळेनं सांगितलं, शाळेला बाजारानं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला एक नाद आहे. नातवाचं बोलणं मी एका वहीत टिपून ठेवतो. (चार्ल्स डार्विननंही आपल्या मुलाची अशी टिपणं ठेवली होती, 1877 मध्ये ती छापून आली. त्याच्या पोरानं बरोब्बर एक वर्षाचा असताना खाऊला स्वतःच एक शब्द शोधला होता : 'मम्'. आमच्याकडे तर तो पिढ्यान्‌पिढ्या आहेच.) माझ्या वहीत ऑगस्टमधलं एक वाक्य आहे : 'आबा, मी करलं.' घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही, सगळे 'केलं' म्हणतात. मग हा शब्द याच्याकडे आला कुठून? पड–पडलं, बस–बसलं, उठ–उठलं, मग कर–करलं. दोन वर्षांच्या पोरानं व्याकरणाचा नियम स्वतः शोधून काढला आणि तो चालवूनही पाहिला! चूक आपल्या भाषेची, त्याची नाही. आणि हा नियम सापडायला त्यानं किती पडलं-बसलं-उठलं ऐकलं असेल याचा हिशेब करा. 'व्हॉट कलर?'मधून असं काही हाती लागत नाही.

तसंच 'मी जाते'चं. दिवसभर आईआजीचं बोलणं कानावर, म्हणून हा मुलगा असून 'मी जाते, मी खाते' म्हणायचा. शेजारपाजारचे हसले. महिना-दोन महिन्यांत आपोआप 'जातो' झालं. आणखी एक गंमत : 'आमचा'मधला च आणि 'आमची'मधला च आपण एकाच अक्षरानं लिहितो, पण म्हणून बघा, जीभ वेगळ्या जागी लागते. बाहेरून मराठी शिकायला येणारे तिथं हटकून अडखळतात. हे पोराला कुणी शिकवलं? कुणीही नाही. मलाही साठी उलटल्यावर कळलं की असं काही असतं.

शास्त्रज्ञ सांगतात की कानाचं काम जन्माआधीच सुरू होतं. 2009 मध्ये फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या प्रत्येकी तीस नवजात बाळांचं रडणं तपासलं, तर फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा निघाला आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा, त्या त्या भाषेच्या ढंगानं. कॅनडातला 1984 चा एक प्रयोग तर आपल्या त आणि ट यांवरच आहे. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत तो फरक त्यांना ऐकू येईनासा झाला, कारण त्यांच्या घरात त्याची गरजच नव्हती. बाळाचा कान असा घरच्या बोलण्यावर घडत जातो.

'मग मोबाईलवर इंग्रजी गाणी लावून देऊ की,' असं मुलगा म्हणाला. त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. अमेरिकेत सिएटलला 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवलं. काहींपुढं चिनी बोलणारं माणूस बसून खेळत होतं, पुस्तक वाचत होतं. काहींना तेच पडद्यावर दाखवलं, काहींना नुसता आवाज. बारा बैठकींनंतर माणसापुढची बाळं चिनी ध्वनींतला फरक ओळखायला शिकली, बाकीच्यांना काही लाभलं नाही. पडदा बाळाच्या तोंडाकडे बघून थांबत नाही, त्याच्या 'अं?'ला उत्तर देत नाही. 'किडा कुठं गेला?' असं विचारून वाट बघणारं माणूसच लागतं.

माझा इंग्रजीला विरोध नाही, हे सांगून ठेवतो. नाहीतर लगेच तसा शिक्का बसतो. मी मिरजेचा. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आजीशी कानडी आणि रस्त्यावर मराठी बोलत मोठी झाली, कुणाच्या डोक्यात गोंधळ झाला नाही. ज्या घरात इंग्रजीत भांडता येतं, चिडवता येतं, खोटं बोलता येतं, त्या घरानं खुशाल इंग्रजीत वाढवावं. पण ज्यांच्याकडे इंग्रजीची वीस-पंचवीस वाक्यंच आहेत, त्यांना तेवढ्यावर पोर वाढवायला सांगणं म्हणजे भरलेली कणगी बाजूला सारून मुठीवर भागवायला सांगणं. शाळेनं इंग्रजी शाळेत शिकवावं, त्यासाठी आम्ही फी भरतोच.

येत्या शनिवारी पुन्हा पालकसभा आहे. या खेपेला मुलाऐवजी मी जाणार आहे. मिसना एवढंच विचारायचंय, पोचट शेंगेला इंग्रजीत काय म्हणतात. कळलं की घरी आजीला सांगेन.

आपला,
एक आजोबा, मिरज