सूचना : मुलांचे डोळे आलेत, बालवाडीच्या पालकांनी वाचावे

सर्व पालकांना नमस्कार. छोट्या गटातल्या तीन मुलांचे डोळे आले आहेत. रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये बी विंगमधल्या डोळ्यांच्या डॉक्टर मॅडम शंकांना उत्तरं देतील. दोघांपैकी एका पालकाने तरी यावंच.

तोवर घरी :

- सकाळी पापण्या चिकटल्या तर ओढून उघडू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून क्षणभर ठेवा, मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. आधी-नंतर साबणाने हात धुवा.
- टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा.
- गुलाबपाणी, मध, आईचं दूध डोळ्यांत घालू नका. आजी रागावल्या तरी!
- फ्रीजमधले जुने थेंब तर अजिबात नकोत. स्टेरॉइड असेल तर डोळ्याला इजा होऊ शकते.
- रांजणवाडी असेल तर दिवसातून ३-४ वेळा ५-१० मिनिटं कोमट शेक द्या. फोडू नका.

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय किंवा बाळ महिन्याच्या आतलं आहे, तर रविवारची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

डोळ्यांतून चिकट पाणी येतंय तोवर मुलांना बालवाडीत पाठवू नये. फी कापली जाणार नाही.