मोकळी जागा आहे म्हणून कुत्रा गावी पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जॅक रसेल टेरियर या कुत्र्यावरचा मजकूर वाचला. फोटो झकास होते. पण शहरात अडचण झाली तर हा कुत्रा गावाकडच्या मोकळ्या हवेत मजेत राहतो, असं शेवटी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. तो 'गावाकडचा' माणूस मी आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझी पिठाची चक्की आहे, पाच एकर वावर आहे, आणि दोन वर्षांपासून हे कुत्रंही आहे.

मुलीने पुण्यात पिल्लू घेतलं. नवरा-बायको दोघंही दिवसभर ऑफिसात. त्याने सोफा फाडला, दाराची चौकट कुरतडली, शेजाऱ्यांनी भुंकण्याच्या तक्रारी केल्या. दिवाळीला आली तेव्हा गाडीतून त्याला उतरवून म्हणाली, "बाबा, इथं कसं मोकळं आहे, राहू द्या नं याले." मी हो म्हटलं. कुत्र्याला काय, भाकरीचा तुकडा टाकला की झालं, असंच आम्ही समजत आलो. अंग पांढरं, एका कानावर तांबूस डाग. तिने ठेवलेलं इंग्रजी नाव चक्कीवर येणाऱ्या पोट्ट्यांनी चार दिवसांत बदललं. आता तो पिठ्या. गावातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी पाहताक्षणी सांगितलं, "हा तं तबकडीवरला कुत्रा." जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला तो निपर नावाचा कुत्राही टेरियरच्याच रक्ताचा होता, म्हणजे बुवा फार चुकले नाहीत.

टेरियर या नावातच 'टेरा' म्हणजे जमीन आहे. इंग्लंडात डेव्हन भागात जॉन रसेल नावाचे पाद्री होते (1795 ते 1883). त्यांना कोल्ह्याच्या शिकारीचा भारी नाद. ऑक्सफर्डला शिकत असताना 1819 मध्ये त्यांनी एका दूधवाल्याची ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली, आणि या जातीचं मूळ तिच्यापाशी सांगतात. घोड्यांमागे दिवसभर पळायला चिवट, बिळात शिरायला बारीक, आणि शिकारी कुत्र्यांना कोल्हा वाटू नये म्हणून पांढरं, असं जनावर त्यांना हवं होतं. कोल्ह्याला मारायचं नाही, बिळात त्याच्या तोंडासमोर भुंकत राहून त्याला बाहेर काढायचं, एवढंच काम. म्हणजे भुंकणं हा त्याचा धंदा. तो भुंकतो अशी तक्रार करणं म्हणजे चक्की आवाज करते म्हणून मला बोल लावणं. चांगल्या कुत्र्याची छाती दोन्ही हातांच्या वेढ्यात मावली पाहिजे म्हणतात. मी पिठ्याला धरून पाहिलं, बोटांना बोटं टेकली. उंची वीतभर आणि वर चार बोटं, वजन साडेपाच किलो. पण पाच किलोच्या जिवात दोन बैलांची जिद्द.

पहिल्याच महिन्यात चक्कीच्या मागच्या भिंतीखाली घुशीचं बीळ त्याला सापडलं. मी दळण टाकत होतो, मागून पट्ट्यावर खडे आदळल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहतो तर नुसती शेपटी बाहेर, तीही थरथरत होती, आणि मागच्या दोन पायांमधून माती फवाऱ्यासारखी उडत होती. हाक मारली तर कानच नाही. मग शेपटीही दिसेनाशी झाली आणि जमिनीतून, कुणी गोधडीत तोंड घालून बोलावं तसं दबकं भुंकणं यायला लागलं. अर्धा तास झाला, तासही झाला. शेवटी सब्बल आणि फावडं घेऊन दोघांनी भिंतीची कड उकरली. निघाला तेव्हा नाकातून रक्त येत होतं, डोळ्यांत माती, आणि तोंडात मांजराएवढी घूस. खाली ठेवायला तयार नाही. जुने शिकारी या जातीची शेपटी मूठभर का ठेवत, ते मला त्या दिवशी कळलं: बिळातून ओढायला तेवढाच दस्ता. भिंत मात्र मला नव्याने बांधावी लागली.

चक्कीत आता उंदीर नाही, हे कबूल. पण हाच नाद वावरात त्याच्या जिवावर उठतो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बीळ दिसलं की नाक आत. त्या बिळात उंदीरच असेल असं कोण सांगणार? गेल्या वर्षी पराटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) ढिगापाशी त्याने पुढचा एक पाय उचलून धरला होता, आणि ढिगाखालून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार येत होता. परड होती, म्हणजे पुस्तकातली घोणस. तिलाही इंग्रजीत रसेलचंच नाव आहे, पण तो रसेल वेगळा, सापांचा अभ्यास करणारा. पिठ्याला हा फरक कोण समजावणार! दोरी लांब होती म्हणून मी ओढून घेतला. तेव्हापासून वावरात त्याला मोकळा सोडत नाही.

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड नावाचं विष कणकेत मळून बिळांपाशी ठेवतात, ते दुसरं भय. त्याच्यावर उतारा नाही. माझ्या वावरात मी ते बंद केलं, शेजाऱ्याला कसं सांगू?

आणि ऊन. डेव्हनच्या गारव्यातलं हे जनावर आमच्या पंचेचाळीस अंशांत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. मे महिन्यात त्याला पहाटे पाचला फिरवतो, नऊनंतर घरात. त्याने स्वतःच रांजणाखालची ओली माती उकरून खड्डा केला आहे, दुपारी त्यात पोट टेकून पडतो. एकदा मात्र सरड्यामागे बाराच्या उन्हात पळाला आणि जीभ जांभळी पडून कोसळला. अंगावर पाणी ओतत, पंख्याखाली ठेवून वाचवला.

पावसाळ्यात गोचिडाचा ताप आला. हिरड्या पांढऱ्या फटक, दोन दिवस अन्न नाही. जवळच्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय नव्हती, यवतमाळ गाठावं लागलं. अठ्ठावीस दिवस गोळ्या दिल्या. मध्ये एकाने बैलांच्या गोचिडाचं औषध चोळायला सांगितलं होतं. बैलाच्या मापाचं औषध पाच किलोच्या जिवाला लावलं असतं तर गोचिडाआधी पिठ्याच गेला असता.

बाकी देखभाल खरंच कमी आहे. आंघोळ क्वचित, केस मात्र वर्षभर गळतात (गिऱ्हाईक कुरकुर करतं, म्हणून दळणाच्या खोलीत त्याला मनाई). कांदा-लसूण द्यायचा नाही. रेबीजची आणि बाकीची लस दरवर्षी. आणि रोज दीड-दोन तास काम, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी जुन्या पोत्यात जुनं पायताण गुंडाळून कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात पुरतो, तो शोधून काढतो. लोक हसतात. हसू द्या.

संपादक साहेब, पुढच्या वेळी अशा जातीवर लिहाल तेव्हा ती कशासाठी तयार झाली, हेही चार ओळीत छापा. ही जात तेरा-चौदा वर्षं सहज जगते. पिठ्या आता चार वर्षांचा आहे, आणि मी एकसष्ट.

परवा मुलीचा फोन आला. तिच्या ऑफिसातल्या एकीचं असंच कुत्रं आहे, जागेची अडचण आहे, ठेवता का म्हणून. मी म्हटलं, ठेवतो, पण तिने मे महिन्यात पंधरा दिवसांची सुट्टी काढून आधी त्याच्यासोबत इथं राहून पाहावं. अजून उत्तर आलेलं नाही.

आपला,
एक चक्कीवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ